‘शेवटी’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

भाचीला परदेशी शिकायला जायचं होतं. अर्जासोबत तिथल्या विद्यापीठाला एक निवेदन लागतं: मी कोण, हाच विषय का, तुमच्याकडेच का. दीड पानाचा तो मजकूर तिने चार रात्री जागून लिहिला आणि रविवारी सकाळी माझ्यापुढे ठेवला. ‘आत्या, फक्त इंग्रजी बघ. मुद्दे बरोबर आहेत माझे.’ मुद्दे खरंच बरोबर होते. व्याकरणही चोख. शेवटचा परिच्छेद मात्र असा सुरू होत होता: ‘ॲट लास्ट, आय थँक यू.’ मला हसू आवरेना.

‘का गं? शेवटी आभार मानायचे नाहीत?’

‘मान की. पण तू म्हणते आहेस, एकदाचे मानते बाई तुमचे आभार!’

‘ॲट लास्ट’मध्ये सुस्कारा असतो. तासभर थांब्यावर ताटकळल्यावर लांबून बस दिसली की इंग्रज माणसाच्या तोंडून तो निघतो. वाट पाहणं, कंटाळणं, आशा सोडत येणं आणि मग सुटका, एवढं सगळं त्या दोन शब्दांत भरलेलं. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला प्रश्न पडायचा की या मुलीने आभार इतके दिवस कुठे अडवून धरले होते.

ही चूक इंग्रजीच्या पुस्तकात शोधून सापडत नाही. तिचं मूळ आपल्या घरात आहे. आपला ‘शेवटी’ हा शब्द एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखा सगळी कामं एकटा ओढतो. ‘शेवटी बस आली.’ ‘शेवटी त्यांनी वाडा विकलाच.’ ‘सिनेमाच्या शेवटी नायक मरतो.’ ‘शेवटी, मुद्दा राहिला पाण्याचा.’ ‘शेवटी आई ती आई.’ पाच वाक्यं आणि शब्द एकच. आपल्याला त्यात काही खटकत नाही, कारण बोलण्याचा सूर फरक सांगून जातो. इंग्रजीने मात्र या पाचही कामांना वेगवेगळी माणसं नेमली आहेत.

बस आली तिथे ‘ॲट लास्ट’. वाडा विकला तिथे ‘इन द एन्ड’ किंवा ‘इव्हेन्च्युअली’. या दोघांत सुस्कारा नाही, मध्ये बरंच काही घडलं आणि अखेर गोष्ट इथे येऊन थांबली, एवढंच आहे. वाडा विकल्याचं कुणाला दुःख असेल, कुणाला आनंद. ‘इन द एन्ड’ त्यात पडत नाही. तिथे ‘ॲट लास्ट’ घातलं तर मात्र वाडा विकायची तुम्हाला घाई झाली होती असा अर्थ निघेल आणि चुलत्यांपर्यंत गेला तर महाभारत होईल. सिनेमाच्या शेवटी म्हणजे ‘ॲट द एन्ड’. ही निव्वळ जागा आहे, जशी गल्लीच्या टोकाला पानाची टपरी. म्हणून तिला बहुधा ‘ऑफ’ लागतो, कशाच्या टोकाला ते सांगावं लागतं. पाण्याचा मुद्दा मांडताना ‘लास्टली’ किंवा ‘फायनली’. आणि आई ती आई तिथे यांपैकी एकही चालत नाही, तिथे ‘आफ्टर ऑल’ लागतो. शेवटाशी त्याचा काही संबंध नाही. काही झालं तरी, असं तो सांगतो.

दुसऱ्या टोकाला ‘पहिल्यांदा’चीही हीच तऱ्हा. ‘पहिल्यांदा मी विमानात बसले तेव्हा’ म्हणजे आयुष्यात प्रथम, ‘फॉर द फर्स्ट टाइम’. ‘पहिल्यांदा हात धू, मग जेवायला बस’ यात साधा ‘फर्स्ट’. ‘पहिल्यांदा मला पुणं आवडलं नव्हतं’ यात मात्र ‘ॲट फर्स्ट’, कारण इथे ‘पहिल्यांदा’चा अर्थ ‘सुरुवातीला’ असा आहे. आणि इथेच एक खाच आहे. ‘ॲट फर्स्ट’च्या पोटात नेहमी एक ‘पण’ दडलेला असतो. ते ऐकलं की इंग्रजी कान पुढचं वळण ऐकायला टवकारतात: सुरुवातीला आवडलं नव्हतं, पण नंतर? म्हणून स्नेहसंमेलनात एखादा विद्यार्थी उभा राहून ‘ॲट फर्स्ट आय वुड लाइक टु थँक अवर चीफ गेस्ट’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, आधी आभार मानायचे होते, नंतर विचार बदलला वाटतं. पाहुण्यांच्या सुदैवाने पहिल्या रांगेतले सगळे मराठीच असतात आणि टाळ्या पडतात.

या शब्दांचं पाठांतर करून उपयोग होत नाही. मी बरीच वर्षं इंग्रजी मजकूर तपासते आणि तेवढ्या काळात स्वतःपुरती एक खूण ठरवली आहे: घड्याळ की पेरं? घडलेल्या गोष्टींचा क्रम काळाने लावलेला असतो, त्यात मला हात घालता येत नाही. मुद्द्यांना असा क्रम नसतो. सोसायटीच्या सभेत मी पाण्याचा प्रश्न आधी काढला आणि पार्किंगचा नंतर, म्हणून पाणी आधी तुंबलं आणि गाड्या नंतर आल्या असं होत नाही. तो क्रम माझा, बोटांच्या पेरांवर मोजलेला. ‘ॲट फर्स्ट’, ‘लेटर’, ‘आफ्टर दॅट’, ‘इव्हेन्च्युअली’, ‘इन द एन्ड’, ‘ॲट लास्ट’ ही घड्याळाची माणसं. ‘फर्स्टली’, ‘सेकंडली’, ‘लास्टली’ ही पेरांची. आणि ‘फर्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘देन’, ‘फायनली’ हे दोन्हीकडे चालणारे.

कांदेपोह्यांची कृती लिहून पाहा. ‘फर्स्ट’ पोहे भिजवा, ‘देन’ फोडणी करा, ‘नेक्स्ट’ कांदा परता, ‘फायनली’ कोथिंबीर भुरभुरवा. सगळं आपापल्या जागी. आता तेच ‘फर्स्टली’ने सुरू करा आणि ‘लास्टली’वर संपवा. पोहे भिजवण्याच्या बाजूने कुणी वकील युक्तिवाद करतो आहे असं वाटेल. आणि कोथिंबिरीला ‘ॲट लास्ट’ लावलंत तर जेवणारे किती वेळ ताटावर बसून होते हे सगळ्यांना कळेल.

‘फर्स्ट’ लिहायचं की ‘फर्स्टली’, यावर इंग्रजांनी स्वतः पुष्कळ डोकेफोड केली आहे. ‘फर्स्ट’ हा शब्द क्रियाविशेषणाचं काम आधीपासूनच करत होता, त्याला शेपटाची गरज नव्हती. ‘सेकंड’ला ते चिकटलं, ‘थर्ड’ला चिकटलं. १६६२च्या ‘बुक ऑफ कॉमन प्रेयर’मध्ये लग्नविधीच्या मजकुरात विवाहाची तीन कारणं दिली आहेत आणि तिथे क्रम आहे ‘फर्स्ट’, ‘सेकंडली’, ‘थर्डली’. पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये, बोहल्यावर म्हणा ना, हेच कानावर पडल्यामुळे कित्येकांना तीच रीत प्रमाण वाटू लागली. १८४७ साली थॉमस डी क्विन्सी या निबंधकाराने ‘फर्स्टली’वर आगपाखड केली, हा पंडिती थाटाचा नवा शब्द कुठून आणला म्हणून. गंमत अशी की तो ‘नवा’ शब्द तेव्हा इंग्रजीत तीनशे वर्षं वावरत होता. पुढे १९२६ साली एच. डब्ल्यू. फाउलर यांनी आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात या वादाची हवाच काढून घेतली. ‘फर्स्टली’ टाळण्याची हौस ही निरुपद्रवी विद्वत्ता आहे, असा त्यांचा निकाल; ज्यांना ती करायची त्यांनी खुशाल करावी, फक्त न करणाऱ्यांना नावं ठेवू नयेत. व्याकरणाच्या भांडणात इतका समंजस निकाल क्वचितच वाचायला मिळतो.

माझं मत विचाराल तर एक पंगत धरा आणि उठेपर्यंत सोडू नका. ‘फर्स्ट’ घेतलंत तर ‘सेकंड’, ‘थर्ड’. ‘फर्स्टली’ घेतलंत तर ‘सेकंडली’, ‘थर्डली’. प्रार्थनापुस्तकाची मिश्र पंगत जुनी आणि कुलवंत असली तरी आजच्या वाचकाला ती अनवधान वाटते. मला स्वतःला बिनशेपटाची पंगत बरी वाटते, आणि त्याचं कारण चौथ्या मुद्द्याच्या पुढे कळतं. ‘फोर्थली’ कसंबसं उच्चारता येतं. ‘सिक्स्थली’ म्हणताना जीभ अडखळते. ‘इलेव्हन्थली’ लिहिणाऱ्याने खरं तर एक, दोन, तीन आकडे टाकून मोकळं व्हावं. मुद्दे मोजत बसणाऱ्या धर्मोपदेशकांची एमिली ब्रॉन्टीने ‘वदरिंग हाइट्स’मध्ये जी फिरकी घेतली आहे ती याच जातीची. त्या कादंबरीतल्या पाहुण्याला स्वप्न पडतं, आणि स्वप्नात त्याला ४९० भागांचं प्रवचन ऐकावं लागतं. एकेका भागात एकेक वेगळं पाप, आणि एकेक भाग एरवीच्या अख्ख्या प्रवचनाएवढा. कादंबरी आली त्याच १८४७ साली, डी क्विन्सी ‘फर्स्टली’वर चिडले होते त्या वर्षी.

यादी मोजण्याचा आणखी एक जुना इंग्रजी शब्द आहे, आणि तो आपण रोज वापरतो. पूर्वी मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या लिहिताना पहिल्या कलमाला ‘इम्प्रायमिस’ हा लॅटिन शब्द लावत, म्हणजे ‘सर्वांत आधी’. नंतरच्या प्रत्येक कलमाला ‘आयटम’. लॅटिनमध्ये या ‘आयटम’चा अर्थ वस्तू असा नव्हता, ‘तसंच’, ‘आणखी’ असा होता. शेक्सपिअरच्या १६१६च्या मृत्युपत्रात सुरुवातीला ‘फर्स्ट’ म्हणून आत्मा देवाच्या हवाली केला आहे आणि मग एकामागून एक ‘आयटम’ येतात. बायकोला घरातला दोन नंबरचा पलंग देण्याचं ते जगप्रसिद्ध कलमही ‘आयटम’नेच सुरू होतं. शतकानुशतकं प्रत्येक वस्तूच्या आधी हा ‘तसंच’ लिहून लिहून लोकांना वाटू लागलं की ‘तसंच’ म्हणजेच ती वस्तू. अशा रीतीने एक बिचारं अव्यय नाम होऊन बसलं, आणि तिथून मुंबईच्या नाक्यापर्यंत आणि सिनेमातल्या गाण्यापर्यंत कुठे कुठे पोचलं ते सांगायला नको.

शेक्सपिअरचा विषय निघालाच आहे, तर ‘मच अडू अबाउट नथिंग’मधला कोतवाल डॉगबेरी सोडून पुढे जाता येणार नाही. हे नाटक १६०० साली छापलं गेलं. पाचव्या अंकात डॉगबेरी दोन बदमाशांना पकडून राजपुत्रासमोर उभा करतो. यांनी काय केलं, असं राजपुत्र विचारतो. डॉगबेरी आरोपांची यादी मोठ्या रुबाबात वाचतो: पहिला आरोप नंबराविना, मग ‘शिवाय’, मग ‘दुसरं’, मग एकदम ‘सहावं आणि शेवटचं’, त्यानंतर ‘तिसरं’, आणि मग ‘समारोप करायचा तर’. प्रेक्षक नंबरांच्या गोंधळाला हसतात. खरा विनोद मात्र एक पायरी खाली आहे. सहाच्या सहा आरोपांचा अर्थ एकच: हे लोक खोटं बोलले. राजपुत्राच्या ते लगेच लक्षात येतं आणि तोही अगदी गंभीर चेहऱ्याने एकच प्रश्न ‘पहिलं’, ‘तिसरं’, ‘सहावं आणि शेवटचं’ अशा क्रमाने पुन्हा पुन्हा विचारतो.

चारशे वर्षांपूर्वीचा हा कोतवाल मला निबंधांच्या गठ्ठ्यात हटकून भेटतो. ‘फर्स्टली, मोबाइलमुळे वेळ वाया जातो. सेकंडली, मोबाइलमुळे अभ्यास होत नाही. थर्डली, मुलं तासन्‌तास मोबाइलवर असतात.’ हे तीन मुद्दे नाहीत, एकाच मुद्द्याने तीन टोप्या घातल्या आहेत. क्रमाचा शब्द लिहिला की आपण वाचकाला वचन देतो, आता काहीतरी वेगळं येतंय. ते आलं नाही तर शब्द कितीही शुद्ध असो, वाचक फसतो. दुसरा हमखास भेटणारा प्रकार म्हणजे बिनपहिल्याचा ‘सेकंडली’. बोलता बोलता ‘आणि दुसरं असं की’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पहिलं काय होतं ते कुणी विचारत नाही. इंग्रजी कागदावर ‘सेकंडली’ आला की वाचकाची नजर मागे जाते आणि ‘फर्स्ट’ शोधत राहते. तिथे नंबर न घालणारे ‘ऑल्सो’ किंवा ‘बिसाइड्स’ पुरतात.

‘एक तर’चं भाषांतर तर भल्याभल्यांना चकवतं. ‘एक तर उशीर झालाय, त्यात हा पाऊस.’ यातला ‘एक तर’ दिसतो नंबरासारखा, पण त्याच्या पुढे ‘दोन’ कधीच येत नाही. पुढे येतो ‘त्यात’, नाहीतर ‘वर’: ‘एक तर पैसे बुडवले, वर मलाच बोलतो.’ हा मोजणीचा क्रम नाही, हा तक्रारीचा थर आहे, ओझ्यावर ओझं. इथे ‘फर्स्टली’, ‘सेकंडली’ लिहिलंत तर वैताग जातो आणि सरकारी टिप्पणी उरते. इंग्रजीत यासाठी ‘ऑन टॉप ऑफ दॅट’सारखे शब्द आहेत, पहिली तक्रार नुसती मांडावी आणि दुसरीच्या आधी त्यांतला एक ठेवावा. आणि ‘एक तर ये, नाहीतर फोन कर’ यातला ‘एक तर’ आणखी निराळा, तो ‘आयदर’. दिसायला जुळे भाऊ, स्वभाव संपूर्ण वेगळा.

क्रमाच्याच शब्दांतली ‘फॉर्मर’ (आधी सांगितलेला) आणि ‘लॅटर’ (नंतर सांगितलेला) ही जोडी फक्त दोघांसाठीच. तीन नावं घेऊन शेवटच्याला ‘लॅटर’ म्हणू नका. त्याहून बरं म्हणजे नाव पुन्हा घ्या. नाव घेतल्याने कुणी लहान होत नाही.

‘लास्ट बट नॉट द लीस्ट’बद्दल मात्र जरा थांबायला हवं. आपल्याकडचा एकही आभारप्रदर्शनाचा कार्यक्रम याच्याशिवाय पार पडत नाही, आणि मांडववाल्याचं आणि ध्वनिक्षेपकवाल्याचं नाव नेमकं याच्यानंतर येतं. आजच्या प्रमाण इंग्रजीत मधला ‘द’ नाही, ‘लास्ट बट नॉट लीस्ट’ एवढंच. मीही वर्षानुवर्षं हा ‘द’ लाल शाईने खोडत आले. मग कळलं की जॉन लिलीच्या १५८०च्या ‘युफ्यूझ अँड हिज इंग्लंड’मध्ये हा प्रयोग आहे आणि तिथे दोन्हीकडे ‘द’ आहे. तेव्हापासून माझं खोडणं चालू आहे, पण पूर्वीच्या तोऱ्यात नाही. त्या शब्दप्रयोगाबद्दलची माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ‘शेवटचा, पण कमी महत्त्वाचा नव्हे’ असं ज्याच्याबद्दल सांगावं लागतं, तो कमी महत्त्वाचा आहे हे सगळ्या सभागृहाला तेवढ्यातच कळतं.

आता क्रमाच्या शब्दांवर एवढी पानं खर्च करून उलटं सांगते: पुष्कळदा ते लागतच नाहीत. ‘दासबोधा’तल्या मूर्खलक्षणांच्या समासात समर्थांनी मूर्खपणाच्या किती तऱ्हा मांडल्या आहेत! पण ‘प्रथम’, ‘द्वितीय’ असा हिशेब नाही. ओवीमागून ओवी मूर्ख हा शब्द पुन्हा वाजतो आणि त्या ठोक्यावर अख्खी यादी तोलली जाते. इंग्रजीतही चांगला परिच्छेद असाच उभा राहतो: मागच्या वाक्यातलाच एखादा शब्द पुढच्या वाक्याच्या तोंडाशी येतो आणि सांधा आपोआप जुळतो. परदेशी जाणारी आपली मुलं आयएल्ट्सची परीक्षा देतात. क्लासमध्ये त्यांना ‘फर्स्टली, मोरओव्हर, फर्दरमोअर, इन कन्क्लुजन’ अशी माळ पाठ करायला लावलेली असते, आणि ती ओवली की गुण मिळतात अशी समजूत असते. त्या परीक्षेच्या लेखनाचे जाहीर निकष मात्र वेगळं सांगतात. जोडशब्दांचा यांत्रिक वापर दिसला तर लेखन मधल्याच बँडवर अडकतं, आणि नऊचा, म्हणजे सर्वोच्च बँड मिळतो तो वाक्यांची जोडणी वाचणाऱ्याच्या लक्षात क्वचितच येईल अशी असेल तेव्हा. उत्तम शिवणीसारखं, टाका दिसला तर शिंपी कच्चा.

भाचीच्या दीड पानात मी असे नऊ टाके मोजले. आम्ही दोघी उसवत बसलो. ‘मोरओव्हर’ गेला, ‘फर्दरमोअर’ गेला, कुणाला त्यांची आठवणही झाली नाही. ‘ॲट फर्स्ट आय वॉन्टेड टु बिकम अ डॉक्टर’ हे वाक्य ठेवलं, कारण त्याच्या पुढे एक खराखुरा ‘पण’ होता. ‘ॲट लास्ट’च्या जागी काहीच घातलं नाही. नुसते आभार, खाली नाव.

अडलं ते एका वाक्यापाशी. आपण इथवर कसे आलो हे सांगताना तिने लिहिलं होतं: फर्स्ट, शिक्षकांनी उत्तेजन दिलं, सेकंड, शिष्यवृत्तीची आशा दिसली, ‘फायनली, माय फादर अग्रीड’. वाचायला ठीक होतं. पण ‘फायनली’ हा दोन्हीकडे चालणारा. वाक्याच्या उंबऱ्यावर, पुढे स्वल्पविराम घेऊन उभा राहिला की तो यादीतला शेवटचा मुद्दाही असू शकतो आणि ‘एकदाचा’ही. ‘माय फादर फायनली अग्रीड’ असा क्रियापदाला खेटून बसवला तर मात्र तो फक्त घड्याळाचा होतो.

‘बाबा तयार झाले हा तुझा तिसरा मुद्दा, की त्यांनी फार वेळ लावला?’ मी विचारलं.

तिने दिवाणखान्याकडे एक नजर टाकली. तिथे माझा भाऊ रविवारची पुरवणी उघडून बसला होता.

‘दोन्ही,’ ती हळूच म्हणाली.

मग तिने ‘फायनली’ खोडला आणि त्या जागी साधं लिहिलं: ‘आफ्टर एट मंथ्स, माय फादर अग्रीड.’ मला ऐकवण्यासाठी तिने ते मोठ्याने वाचलं.

पुरवणीच्या आडून आवाज आला, ‘आठ नाही, सहा.’